पाच नंबरचे दार

तहसील कचेरीत जुना फेरफार पाहायचा असेल तर आपण थेट दफ्तरखान्यात शिरत नाही. खिडकीशी अर्ज द्यावा लागतो. कारकून नाव जुळते का ते पाहतो, तो कागद पाहण्याचा आपल्याला अधिकार आहे का ते तपासतो आणि मगच गठ्ठा बाहेर येतो. 'दफ्तर' हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. कॉम्प्युटरच्या पोटातही असाच एक दफ्तरखाना आहे आणि त्याच्या खिडकीचा एक इतिहास आहे. मी बी.ए.पर्यंत शिकलेला, कविता लिहिणारा माणूस. यंत्राचे हे ज्ञान मी हौसेने, भाच्याला विचारून विचारून मिळवले. पण या इतिहासाचा आपल्या मराठी अक्षरांशी जवळचा संबंध आहे, म्हणून तो सांगावासा वाटतो.

आपण पडद्यावरच्या चित्रावर टिचकी मारतो आणि फाइल उघडते. पण ज्या प्रोग्रामला आपण ती आज्ञा देतो, त्याला डिस्कला हात लावण्याची मुभाच नसते. डिस्कची मालकी ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे असते. प्रोग्रामने कर्नलकडे करायच्या अर्जाला 'सिस्टिम कॉल' म्हणतात. फाइल उघडण्याच्या अर्जाचे नाव 'ओपन'.

हा अर्ज पूर्वी फार किचकट असे. १९६४ साली आयबीएम कंपनीने सिस्टिम ३६० ही यंत्रे जाहीर केली. त्यांवर काम करायचे तर ८० रकान्यांच्या पंच कार्डांवर तपशील भरावा लागे. फाइल कोणत्या उपकरणावर आहे, एकेक नोंद किती लांबीची आहे, नोंदींचे गठ्ठे केवढे आहेत, हे सगळे सांगावे लागे. म्हणजे आधी कागदाची लांबी-रुंदी सांगा, मग कागद मागा!

याला फाटा दिला तो अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, मरे हिल इथल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये. एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्याबरोबर ही संस्था 'मल्टिक्स' नावाची अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टिम तयार करत होती. १९६९ साली ती त्यातून बाहेर पडली. त्याच वर्षी केन थॉम्प्सन यांनी पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर स्वतःची छोटी सिस्टिम लिहायला घेतली. डेनिस रिची त्यांच्या साथीला होते. हीच पुढे 'युनिक्स' म्हणून जगभर गेली आणि १९८३ साली या दोघांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तिची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. तिच्यात प्रत्येक सिस्टिम कॉलला क्रमांक दिला आहे. वाचणे ३, लिहिणे ४, उघडणे ५, बंद करणे ६.

या पाच नंबरच्या दाराशी काय घडते, ते पाहा. प्रोग्राम फाइलचे नाव स्मरणात कुठे ठेवले आहे ते सांगतो, वाचायचे आहे की लिहायचे ते सांगतो आणि एक खास सूचना देतो. त्या सूचनेसरशी यंत्राचा ताबा कर्नलकडे जातो. कर्नल नावातल्या एकेका टप्प्याने फाइलपर्यंत चालत जातो आणि परवानगी तपासतो. सगळे ठीक असेल तर एक लहानसा आकडा परत देतो. हा आकडा म्हणजे बँकेत मिळणारा टोकनचा बिल्ला. पुढचे वाचणे-लिहिणे त्या बिल्ल्यावर चालते, नाव पुन्हा सांगावे लागत नाही. ०, १ आणि २ हे बिल्ले प्रोग्रामकडे सहसा आधीपासूनच असतात, म्हणून पहिल्या फाइलला बहुधा ३ मिळतो. काम झाले नाही तर चुकीचा आकडा येतो. २ म्हणजे या नावाचे काही नाही, १३ म्हणजे तुम्हाला परवानगी नाही.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. तपासणी फक्त दाराशी होते. एकदा बिल्ला हाती आला आणि मग कुणी त्या फाइलचे नाव यादीतून खोडले, तरी बिल्लाधारकाला ती शेवटपर्यंत वाचता येते. शेवटचा बिल्ला परत गेला की मगच तिची जागा मोकळी होते.

१९९१ साली हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहिले. इंटेलच्या ३२ बिटांच्या यंत्रांसाठी लिहिलेल्या त्या सिस्टिममध्येही 'ओपन'चा क्रमांक ५ च राहिला. पुढे ६४ बिटांच्या यंत्रांवर तो २ झाला, पण रीत तीच. एक शुद्धलेखनाची चूकही अशीच टिकली. नवी फाइल निर्माण करण्याच्या 'क्रिएट' या कॉलच्या इंग्रजी स्पेलिंगमधले शेवटचे अक्षर युनिक्समध्ये गाळलेले आहे. सिस्टिम पुन्हा लिहायची झाली तर काय बदलाल, असे थॉम्प्सन यांना विचारले, तेव्हा ते अक्षर परत घालीन, एवढेच ते म्हणाले. अजूनही ते गाळलेलेच आहे.

या दारावरचा कारकून आत काय लिहिले आहे, ते कधीच विचारत नाही. त्याच्या लेखी फाइल म्हणजे बाइट्सची, म्हणजे ० ते २५५ मधल्या आकड्यांची, एक रांग. नावाबाबतही त्याच्या अटी दोनच. शून्य हा बाइट म्हणजे नाव संपले. ४७ हा बाइट म्हणजे तिरकी रेघ, पुढे नवा टप्पा.

कारकुनाला भाषा कळत नसल्याचा फटका आपल्याला बसला आहे. १९९० च्या दशकात मराठी मजकूर जुळवण्यासाठी जे फॉन्ट निघाले, त्यांतल्या बहुतेकांनी इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले होते. प्रत्येकाची बसवणूक वेगळी. माझ्या कवितांचा एक संग्रह तेव्हा एका दुकानात असाच जुळवून घेतला होता. काही वर्षांनी तो नव्या यंत्रावर लावला, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची चाळण. भाचा म्हणाला, "मामू, फाइल नीट उघडली आहे. तुमचं एक अक्षरही गेलेलं नाही. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, ते सांगणारा फॉन्ट तेवढा नाही."

जगातल्या सगळ्या लिप्यांना एकच आकडेवारी द्यावी, हा त्यावरचा उपाय. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे आकडे मिळाले. पण तेव्हा प्रत्येक अक्षर दोन बाइटांत मांडायचे ठरले होते आणि तिथे हे जुने दार आडवे आले. इंग्रजी अक्षरांतला एक बाइट शून्य निघे, म्हणजे नाव तिथेच संपे. आपल्या 'य'चे दोन बाइट होते ९ आणि ४७. ४७ म्हणजे तिरकी रेघ! 'माय' नावाची फाइल उघडायला सांगितली असती, तर कर्नलने 'य'च्या मध्येच नाव तोडले असते.

हा पेच सोडवला तो पुन्हा केन थॉम्प्सन यांनीच. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, रॉब पाइक समोर बसले असताना, थॉम्प्सन यांनी ताटाखालच्या कागदावर नवी मांडणी आखली. पाइक यांनी ही हकिकत लिहून ठेवली आहे. तिला आज यूटीएफ-८ म्हणतात. इंग्रजी अक्षरांना एकच बाइट, बाकीच्यांना जास्त, पण त्या जास्तीच्या बाइटांतला एकही १२८ च्या खाली नाही. 'य' आता २२४, १६४, १७५ असा लिहिला जातो. शून्य नाही, ४७ नाही. दारावरचा नियम न बदलता मराठी त्यातून आत गेली.

मोल थोडे जास्त पडते. मराठीच्या प्रत्येक अक्षराला आणि काना-मात्रेला तीन बाइट, आमच्या घरातल्या उर्दूला दोन, इंग्रजीला एक. लिनक्समध्ये फाइलचे नाव साधारणपणे २५५ बाइटांचे असू शकते, म्हणजे मराठीत ८५ चिन्हे. कवितासंग्रहाच्या नावाला तेवढी पुष्कळ झाली.

माझा तो संग्रह पुढे त्या फॉन्टचा तक्ता मिळाल्यावर युनिकोडमध्ये आला. पण जिल्ह्याजिल्ह्यांतल्या छापखान्यांत, लहान नियतकालिकांच्या कपाटांत त्या काळातल्या किती फ्लॉपी आणि सीडी पडून असतील! त्यांत कुणाची कविता असेल, कुणाची गावाची बखर असेल. कर्नल आपले काम चोख करील, बिल्ला देईल, बाइट्स हाती ठेवील. त्या बाइटांचे अक्षर कसे करायचे हे ठाऊक असलेली जुळारी मंडळी आता पन्नाशी-साठीत आहेत. त्यांना गाठून हे काम आजच करून घ्यायला हवे.