पितळी बिल्ला आणि कुकी

२००६ साली एका सायबर कॅफेत पत्रं वाचून मी तसाच उठलो. दारापर्यंत पोचतो तोच माझ्या जागी बसलेल्या मुलाने हाक मारली, "आजोबा, तुमची पत्रं उघडीच आहेत!" मुलगा सज्जन, म्हणून निभावलं. पण संगणकाला माणूस बदललेला कळू नये? मास्तरकीची खोड, मुळाशी गेलो.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली. तिची रीत साधी. मागणी आली, पान दिलं, विसरून गेले. लेख वाचायला तेवढं पुरे. पण दुकान मांडायचं तर? गिऱ्हाइकाने पिशवीत काय टाकलं, हे दुसऱ्या पानावर आठवायला नको?

१९९४ मध्ये नेटस्केपपुढे हाच पेच आला. त्यांची ग्राहक कंपनी एमसीआय अर्धवट खरेदीच्या नोंदी स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायला तयार नव्हती. तेव्हा लू मॉन्टुली या प्रोग्रामरने तोडगा काढला. सर्व्हरने एक चिठ्ठी द्यावी, ब्राउझरने ती जपावी आणि पुढच्या वेळी दाखवावी. हीच कुकी.

पूर्वी बँकेत चेक दिला की पितळी बिल्ला मिळे, आठवतं? नंबर पुकारला की बिल्ला दाखवायचा, पैसे घ्यायचे. 'सेशन' तसंच. बहुधा कुकीत नुसता नंबर, बाकी हिशेब सर्व्हरच्या वहीत. दर विनंतीला फ्रेमवर्क कोरी पाटी घेतं, नंबरावरून वहीतलं पान काढतं, उत्तर देतं आणि पाटी पुसतं. पुसायची राहिली, तर एकाचा मजकूर दुसऱ्याला दिसायचा!

मॉन्टुली यांनी एक पथ्य पाळलं होतं. ब्राउझरला कायमचा एकच ओळख-नंबर द्यायचा नाही, नाहीतर साइट्स मिळून माणसाचा माग काढतील. चिठ्ठी देणाऱ्यालाच ती परत दिसावी. पण पानावरची जाहिरात येते तिसऱ्याच सर्व्हरवरून, आणि तीही चिठ्ठी देते. तोच जाहिरातवाला शंभर ठिकाणी भेटला की माग निघालाच. अशा परक्या चिठ्ठ्या आपणहून स्वीकारू नयेत, असं फेब्रुवारी १९९७ च्या 'आरएफसी २१०९' मध्ये लिहिलं गेलं. तेव्हाच्या बड्या ब्राउझरांनी ते मनावर घेतलं नाही.

वर्गातल्या मुलाचं नाव विसरलो की मला ओशाळल्यासारखं होई. यंत्राने विसरावं, हे मात्र आता मला बरंच वाटतं.

असो. माझी पत्रं उघडी राहिली, कारण सर्व्हरला चेहरा दिसतच नव्हता, दिसत होता फक्त बिल्ला. तो मी काउंटरवरच ठेवून निघालो होतो. तेव्हा मंडळी, उठताना आठवणीने लॉगआउट करा.