त्रयस्थ मंचांवरील व्यवसाय : जोखीम आणि तिचे व्यवस्थापन

विक्री, देयके, जाहिरात, पत्रव्यवहार आणि माहितीची साठवण या कामांसाठी आज देशातील असंख्य लहानमोठे उद्योग दुसऱ्या कंपनीच्या मालकीच्या डिजिटल मंचांचा आधार घेतात. अल्प भांडवलात दूरच्या ग्राहकापर्यंत पोहोचण्याची सोय त्यामुळे उपलब्ध झाली आहे. मात्र मंचाचे नियम व दर ठरवण्याचा आणि प्रसंगी सेवा थांबवण्याचा अधिकार मंचचालकाकडे राहतो. सरकारी आदेश, नियामकाची कारवाई किंवा तांत्रिक बिघाड यांमुळे मंचच बंद पडला, तर त्यावर उभा असलेला व्यवसायही थांबतो. अशा वेळी पूर्वसूचना किती मिळेल, हे व्यावसायिकाच्या हाती नसते. पर्यायी व्यवस्था किती दिवसांत उभी राहील, हे मात्र पूर्वतयारीवर अवलंबून असते.

अलीकडील घटना

रिझर्व्ह बँकेच्या शिफारशीनुसार ५ मार्च २०२० रोजी येस बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध लागू झाले आणि खातेदारांना ५० हजार रुपयांपर्यंतच रक्कम काढण्याची मुभा उरली. फोन-पे या अ‍ॅपचे यूपीआय व्यवहार त्या वेळी याच एका बँकेमार्फत होत असल्याने ही सेवा अचानक ठप्प झाली. आयसीआयसीआय बँकेच्या साहाय्याने सुमारे एका दिवसात ती पूर्ववत करण्यात आली. तोपर्यंत या अ‍ॅपद्वारे पैसे स्वीकारणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र खोळंबून राहावे लागले. त्यांचा येस बँकेशी थेट संबंध असो वा नसो, झळ त्यांनाही बसली.

पेटीएम पेमेंट्स बँकेच्या बाबतीत मुदत मिळाली. रिझर्व्ह बँकेने ३१ जानेवारी २०२४ रोजी या बँकेवर नव्या ठेवी स्वीकारण्यास निर्बंध घालणारा आदेश दिला आणि नंतर त्यासाठीची मुदत १५ मार्चपर्यंत वाढवली. या बँकेच्या खात्यात विक्रीची रक्कम जमा होणाऱ्या व्यापाऱ्यांना त्या अवधीत दुसऱ्या बँकेतील खाते जोडावे लागले. ज्यांचे खाते आधीपासून अन्य बँकेत होते, त्यांचे व्यवहार सुरू राहिले. अ‍ॅपच्या यूपीआय सेवेसाठी १४ मार्च रोजी अ‍ॅक्सिस, एचडीएफसी, स्टेट बँक आणि येस बँक अशा चार बँकांच्या व्यवस्थेला मान्यता मिळाली.

केंद्र सरकारने २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा तेथे प्रेक्षकवर्ग उभा केलेल्या निर्मात्यांना आणि जाहिरातदारांना स्थलांतराला अवधी मिळाला नाही. अनुयायांची यादी सोबत नेण्याची सोयही नव्हती. १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादातून गुगलने काही भारतीय कंपन्यांची अ‍ॅप आपल्या प्ले स्टोअरवरून हटवली. विवाह जुळवणाऱ्या आणि नोकरीविषयक सेवांचा त्यात समावेश होता. केंद्र सरकारच्या मध्यस्थीनंतर काही दिवसांतच ती पुन्हा उपलब्ध झाली.

मोठे उद्योगही या जोखमीपासून मुक्त नाहीत. युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीच्या सेवा स्थगित केल्या. गुजरातमधील वाडीनार येथे प्रकल्प असलेल्या या कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या. परवाना शुल्क भरलेले असले, तरी परक्या देशातील निर्णयाने रोजचे कामकाज अडू शकते, हे या प्रकरणातून दिसून आले.

एकाच आधारावरील अनेक पर्याय

दोन पर्याय असणे नेहमीच पुरेसे नसते. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या तंत्रज्ञान पुरवठादारावर खंडणीसाठी सायबर हल्ला झाला. खबरदारी म्हणून राष्ट्रीय देयक महामंडळाने या कंपनीची यंत्रणा देयक जाळ्यापासून तात्पुरती अलग केली. त्यामुळे सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार काही काळ खंडित झाले. या बँका परस्परांपासून स्वतंत्र होत्या. त्यांचा तांत्रिक पाया मात्र एक होता. म्हणून पर्याय निवडताना दोन्ही सेवा एकाच बँकेवर वा एकाच सर्व्हर पुरवठादारावर विसंबून नाहीत ना, याची खातरजमा करणे आवश्यक ठरते.

कायदेशीर संरक्षण

रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी माहिती तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याबाबत निर्देश जारी केले आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून ते अमलात आले. काम बाहेर सोपवले तरी जबाबदारी संबंधित बँकेचीच राहते, हे त्यांचे मूळ सूत्र आहे. पुरवठादाराची तपासणी, एकाच पुरवठादारावरील भार आणि करारातून बाहेर पडण्याची योजना यांचाही त्यांत विचार आहे. हे निर्देश बँका व वित्तसंस्थांसाठी असले, तरी इतर उद्योगांनाही ते मार्गदर्शक ठरू शकतात.

परकीय गुंतवणूक असलेल्या ई-बाजारपेठांना विक्रेत्यावर केवळ आपल्याच मंचावर विक्री करण्याची सक्ती करता येत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर झालेला हा नियम १ फेब्रुवारी २०१९ पासून लागू झाला. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार एकाच श्रेणीतील विक्रेत्यांना भिन्न वागणूक दिली जात असल्यास तिचे वर्णन मंचाच्या अटींमध्ये द्यावे लागते. स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या देयक धोरणाबद्दल ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला ९३६.४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२५ मध्ये तो २१६.६९ कोटींवर आणला. या प्रक्रियेला लागलेला काळ पाहता, कायद्यातून मिळणारी दाद हा दैनंदिन व्यवहाराला पर्याय होऊ शकत नाही.

व्यवस्थापनाचे उपाय

पहिला उपाय म्हणजे अवलंबित्वाची नोंद ठेवणे. कोणते काम कोणत्या मंचावर चालते, एकूण विक्रीत त्याचा वाटा किती, तो बंद पडल्यास किती दिवस तग धरता येईल आणि पर्याय उभारण्यास किती दिवस लागतील, हे एका कागदावर मांडावे. तग धरण्याचे दिवस पर्याय उभारण्याच्या दिवसांपेक्षा कमी असतील, तेथे प्रथम लक्ष द्यावे.

ग्राहकांची नावे व संपर्क त्यांच्या संमतीने स्वतःकडे जतन करावेत. संकेतस्थळाचे नाव ते तयार करून देणाऱ्या संस्थेच्या नव्हे, तर व्यवसायाच्या नावावर नोंदवलेले असावे. हिशेब, मालाची यादी आणि छायाचित्रे यांची प्रत ठरावीक काळाने वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि ती प्रत्यक्ष उघडते का, हे तपासावे. दुकानात दोन वेगवेगळ्या बँकांशी जोडलेले क्यूआर कोड ठेवणे हा अल्प खर्चाचा उपाय आहे.

करार करताना सेवा थांबवण्यापूर्वीची सूचना, अडकलेल्या रकमेची परतफेड, माहिती परत मिळण्याची पद्धत आणि वाद कोणत्या न्यायालयात चालेल, ही चार कलमे बारकाईने वाचावीत. लहान विक्रेत्याला अटी बदलून घेता येत नाहीत. पण त्या ठाऊक असल्यास मंचाकडे थकीत राहणाऱ्या रकमेचा अंदाज घेऊन खेळते भांडवल राखता येते.

सर्वच कामांसाठी दुहेरी व्यवस्था ठेवणे खर्चिक असते आणि लहान उद्योगांना ते परवडणारे नाही. त्यामुळे ज्या एका कामावाचून व्यवसाय दुसऱ्याच दिवशी थांबेल, त्याच्यासाठी दुसरी वाट आधी तयार करावी आणि वर्षातून किमान एकदा एक दिवस तिच्यावरूनच व्यवहार करून पाहावेत. असा सराव झालेला असेल, तर सूचना एका रात्रीची मिळो वा सहा आठवड्यांची, दुकान उघडे ठेवता येते.