सल्ला द्यायचा की सही करायची? अमेरिकेतल्या पालक समित्यांची गोष्ट

1978 साली अमेरिकन काँग्रेसने शिक्षणाच्या एका मोठ्या कायद्यात दुरुस्ती केली. त्या लांबलचक मजकुरात एक छोटी तरतूद आहे. शाळेच्या पालक सल्लागार समितीत जो कोणी निवडून येईल, त्याला या कायद्याची आणि त्याखालच्या नियमांची प्रत फुकट द्यायची.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुढे निघून गेले होते. नंतर थांबले. कायद्याची प्रत पालकांच्या हातात पडलीच पाहिजे, हे खुद्द कायद्यातच लिहायची वेळ का आली असेल? या प्रश्नामागे गेलं की पंधरा-सोळा वर्षांचा एक इतिहास उलगडतो. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण त्यावरच आहे. आज तेच शक्य तितक्या सोप्या भाषेत सांगते.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत सरकारी शाळा चालवते ती 'स्कूल डिस्ट्रिक्ट'. आपल्याकडच्या जिल्ह्याशी तिची गल्लत करू नका. एखाद्या शहरापुरती किंवा चार गावांपुरती ती स्वतंत्र यंत्रणा असते. तिचं स्वतःचं मंडळ असतं, बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं. पैसा मुख्यतः स्थानिक करांतून आणि राज्याकडून येतो. केंद्र सरकारचा वाटा नेहमीच लहान राहिला आहे. त्यामुळे श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब, हे जणू ठरलेलंच.

हे बदलायला 1965 साली मोठा कायदा आला. 11 एप्रिलला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर सही केली, तीही टेक्ससमध्ये, ज्या एका खोलीच्या शाळेत ते लहानपणी शिकले होते तिथे. शेजारी त्यांच्या लहानपणच्या शिक्षिका केट डेडरिक लोनी बसल्या होत्या. स्वतः जॉन्सन तरुणपणी कोटुला या गावी मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांना शिकवत होते, त्यामुळे हा विषय त्यांच्या जवळचा. या कायद्याचा पहिला भाग म्हणजे 'टायटल वन'. गरीब कुटुंबांतल्या मुलांच्या जादा शिक्षणासाठी वर्षाला एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम त्यात मंजूर झाली.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा पैसा गरीब पालकांकडे गेला नाही. तो गेला स्कूल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे ज्या यंत्रणेने इतकी वर्षं या मुलांकडे दुर्लक्ष केलं होतं तिच्याकडेच.

त्याच काळात दुसरा एक प्रयोग चालू होता. 1964 च्या गरिबीविरोधी कायद्यात एक गाजलेला शब्दप्रयोग होता: योजना गरिबांच्या 'शक्य तितक्या जास्तीत जास्त सहभागाने' चालवायच्या. त्यातून 1965 च्या उन्हाळ्यात 'हेड स्टार्ट' ही लहान मुलांसाठीची योजना निघाली. मिसिसिपीमध्ये तिची केंद्रं चालवायला एक संस्था उभी राहिली, तिने पहिल्याच उन्हाळ्यात सुमारे 6,000 मुलं घेतली. केंद्रांत काम करणाऱ्या बहुतेक जणी गावातल्याच कृष्णवर्णीय आया आणि शेजारणी. पगार वॉशिंग्टनहून येत असल्यामुळे गोऱ्या मालकाच्या मर्जीचा प्रश्न उरला नाही. हे तिथल्या सत्ताधाऱ्यांना खुपलं. सिनेटर जॉन स्टेनिस यांनी संस्थेच्या हिशेबावर झोड उठवली आणि 1966 मध्ये वॉशिंग्टनने तिचा निधी रोखला. विरोध झाल्यावर थोडा परत सुरू केला. पालकांच्या हातात खरोखर काही आलं की काय होतं, हे सगळ्यांनी पाहिलं.

टायटल वनमध्ये याच्या उलट झालं. तिथे पालकांच्या हातात काहीच नव्हतं, म्हणून भांडणही नव्हतं. पैसे मात्र भलतीकडे जात होते. 1969 साली रूबी मार्टिन आणि फिलिस मॅक्ल्यूर या दोघींनी सरकारचेच लेखापरीक्षण अहवाल चाळून एक अहवाल प्रसिद्ध केला. त्याच्या नावातच प्रश्न होता: टायटल वनने गरीब मुलांना मदत होते आहे का? उत्तर बहुतांशी 'नाही' असं होतं. गरीब मुलांसाठी आलेला पैसा सगळ्या शाळांच्या सर्वसाधारण खर्चात मुरत होता. काही ठिकाणी स्थानिक मंडळ आपला खर्च आखडता घेई आणि ती जागा या पैशाने भरून काढी. दक्षिणेत तर कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळांना याच पैशातून चार वस्तू देऊन शाळांचं एकत्रीकरण टाळलं जात होतं. आणि ज्यांच्या मुलांच्या नावाने हा पैसा येत होता, त्या पालकांना योजनेची माहितीच नव्हती.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वॉशिंग्टनमधला अधिकारी प्रत्येक शाळेत जाऊन बघू शकत नाही. राज्याच्या खात्याचे शाळामंडळांशी जुने संबंध. मग लक्ष ठेवणार कोण? ज्याचं मूल त्या वर्गात बसतं तो. पालक समितीची कल्पना अशी, हिशेबाच्या गरजेतून, जोर धरू लागली. 'पालकांनी शाळेत रस घ्यावा' या गोड भावनेतून ती आली नव्हती.

पुढची पावलं एकेक करून पडली. 1970 च्या दुरुस्तीने पालकांचा सहभाग सक्तीचा करण्याचा अधिकार शिक्षण आयुक्तांना मिळाला. 1971 च्या नियमांनी प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला एक पालक समिती बंधनकारक केली. 1974 मध्ये कायद्यानेच सांगितलं की डिस्ट्रिक्टची एक आणि योजनेतल्या प्रत्येक शाळेची एक, अशा समित्या हव्यात, त्यात बहुमत लाभार्थी मुलांच्या पालकांचं हवं आणि सदस्य पालकांनीच निवडायचे. 1978 ला तपशील आणखी घट्ट झाले. ज्या शाळेत 75 किंवा अधिक मुलं योजनेत आहेत, तिथल्या समितीत किमान 8 सदस्य, मुदत दोन वर्षं. सदस्यांना प्रशिक्षण. आणि सुरुवातीला सांगितलेली ती कायद्याची फुकट प्रत.

हे प्रत्यक्षात कसं दिसत असेल? एक काल्पनिक प्रसंग घेऊ. 1979 साल. एका शहरातली प्राथमिक शाळा. टायटल वनमधून वाचनाचे दोन जादा शिक्षक आणि चार मदतनीस मिळतात. संध्याकाळी सात वाजता समितीची बैठक. कारखान्यातून सुटून थेट आलेली एक आई आहे. तिच्यासमोर पुढच्या वर्षीचा आराखडा ठेवला जातो. ती विचारते, "गेल्या वर्षी दोन शिक्षक होते, या वर्षी एकच का? दुसऱ्याचा पगार कशात गेला?" मुख्याध्यापक म्हणतात, "ते डिस्ट्रिक्ट ठरवतं." पूर्वी संभाषण इथेच संपलं असतं. आता तिच्या पिशवीत कायद्याची प्रत आहे. ती पान उघडून म्हणू शकते, "आराखडा करताना आणि त्याचं मूल्यमापन करताना आमचा सल्ला घ्यायचा, असं इथे लिहिलंय."

पण तिने सल्ला दिला आणि मुख्याध्यापकांनी तो ऐकला नाही, तर? कायद्याच्या दृष्टीने फारसं काही होत नाही. समितीचं नावच सल्लागार. सल्ला घेणं बंधनकारक, मानणं नाही. त्या काळी झालेल्या पाहण्यांतही हेच दिसलं: बऱ्याच समित्या अधिकाऱ्यांनी आखलेली विषयपत्रिका ऐकून मान डोलावत, निर्णय आधीच झालेले असत. शेरी अर्नस्टीन यांनी 1969 मध्येच नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तिच्यात सल्लामसलत चौथ्या पायरीवर येते, माहिती देण्याच्या वर आणि खऱ्या भागीदारीच्या बरीच खाली. बहुतेक समित्या तिथेच घुटमळत राहिल्या.

तरीही त्या निरुपयोगी होत्या असं मी म्हणणार नाही. अंदाजपत्रक वाचायला शिकलेले पालक तयार झाले. वेगवेगळ्या राज्यांतल्या टायटल वनच्या पालकांनी एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना उभी केली. आपल्या मुलाच्या नावाने किती पैसा येतो हे बैठकीत विचारता येणं, ही साधी गोष्ट नव्हती.

मग 1981 आलं. रोनाल्ड रेगन यांनी ऑगस्टमध्ये खर्चकपातीच्या एका भल्यामोठ्या विधेयकावर सही केली, आणि त्यातच टायटल वनचं रूपांतर 'चॅप्टर वन'मध्ये झालं. युक्तिवाद असा की वॉशिंग्टनने स्थानिक शाळांना कागदपत्रांच्या ओझ्याखाली दाबू नये. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता, बारीकसारीक नियम खरोखरच खूप झाले होते. पण ओझं कमी करताना पालक समितीची सक्तीही गेली. उरलं ते फक्त 'पालकांशी विचारविनिमय करून' एवढंच. अनेक ठिकाणी समित्या बंद पडल्या किंवा कागदावर उरल्या. 1983 मध्ये वर्षातून एक जाहीर सभा घेण्याची अट आली. 1988, 1994, 2002 आणि 2015 च्या कायद्यांनी पालकांच्या सहभागाच्या तरतुदी वाढवत नेल्या: लेखी धोरण, शाळा आणि पालक यांच्यात करारपत्र, वर्षाला पाच लाख डॉलरहून अधिक निधी मिळणाऱ्या डिस्ट्रिक्टने त्यातला किमान एक टक्का पालकांच्या सहभागासाठी राखून ठेवणं. आराखडा पालकांना पटला नाही, तर त्यांचे आक्षेप आराखड्यासोबत राज्याकडे पाठवावे लागतात. ही तरतूद चांगलीच आहे. डिस्ट्रिक्टच्या पालक सल्लागार समितीबद्दल मात्र आजचा कायदा म्हणतो की ती स्थापन 'करता येईल'. 1974 ला ती 'करावी लागेल' होती. माझं अख्खं प्रकरण या दोन क्रियापदांमधल्या अंतरावर उभं आहे म्हणा ना!

आता गंमत बघा. याच काळातली दुसरी एक पालक समिती आजही सक्तीची आहे. 1972 साली अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातींच्या मुलांसाठी शिक्षण कायदा झाला. त्यात लिहिलं होतं की सरकारी शाळांनी हा निधी मागताना आराखडा पालकांच्या समितीच्या सहभागाने आणि तिच्या संमतीने करायचा, आणि समितीत निम्म्याहून कमी पालक चालणार नाहीत. आज ही संमती लेखी लागते. समितीने सही केली नाही, तर डिस्ट्रिक्टचा अर्ज अपुरा राहतो.

म्हणून तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. सही मागायला आलेल्या अधिकाऱ्याला नाही म्हणणं सोपं नसतं, आणि निधीच बुडेल या भीतीनेही लोक सही करतात. तरी दोन समित्यांमधला फरक पाहा. एकीला विचारायचं असतं, दुसरीशिवाय पुढे जाता येत नाही. पहिली एका खर्चकपातीत उडाली. दुसरी पन्नास वर्षांनंतरही पैशाच्या वाटेवर बसलेली आहे.

इथपर्यंत वाचताना तुम्हाला आपली शाळा व्यवस्थापन समिती आठवली असेलच. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळा विकास आराखडा तयार करणं, अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं ही तिची कामं. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत 2012 च्या दुरुस्तीने तिचं काम फक्त सल्ल्यापुरतं केलं. दोन देशांची परिस्थिती वेगळी आहे, सरळ तुलना करण्यात अर्थ नाही. पण अमेरिकेचा हा इतिहास वाचल्यावर मी आपल्याकडच्या समितीबद्दलही आधी तीन प्रश्न विचारते. सदस्यांची निवड पालकच करतात का? हिशेबाची आणि नियमांची कागदपत्रं बैठकीच्या आधी त्यांच्या हातात पडतात का? आणि त्यांनी 'नाही' म्हटलं, तर काही अडतं का?

तुमच्यापैकी कोणी अशा समितीवर असेल, इथे किंवा अमेरिकेत, तर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला जरूर कळवा. पुढच्या लेखात मिसिसिपीच्या त्या हेड स्टार्ट केंद्रांकडे परत जाऊ, कारण तिथल्या आयांची गोष्ट दोन परिच्छेदांत उरकण्यासारखी नाही.