श्रीलंकेतील तमिळ : जनगणनेचे दोन रकाने

श्रीलंकेत तमिळ लोक किती? या साध्या प्रश्नाला तिथली जनगणना 1911 पासून दोन उत्तरे देते. त्या वर्षी प्रथमच ‘सिलोनी तमिळ’ आणि ‘भारतीय तमिळ’ असे दोन रकाने पाडले गेले. पहिल्यात सुमारे 5 लाख 28 हजार माणसे भरली, दुसऱ्यात 5 लाख 31 हजार. (तमिळ बोलणारे मुसलमान निराळे मोजतात.) दोन्ही गटांची भाषा एकच. मग फरक कसला? बेटावर कधी आणि कशासाठी आले, याचा.

पहिला गट जुना रहिवासी. उत्तरेकडे जाफन्याला तेराव्या शतकापासून तमिळ राज्य होते. ते 1619 मध्ये पोर्तुगीजांनी घेतले. उत्तर भाग आणि पूर्व किनारा हा या लोकांचा मुलूख.

दुसऱ्या गटाच्या इतिहासात मात्र एका बुरशीचा मोठा हात आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज मळेवाल्यांनी मध्य श्रीलंकेच्या डोंगरांत कॉफी लावली. तोडणीला मजूर हवेत, म्हणून तमिळ मुलखातून कंगाणी, म्हणजे मुकादम, माणसे गोळा करून नेत. हे मजूर समुद्र ओलांडून पुढे जंगलातून पायी जात. वाटेत कितीतरी मेले. कॉफीचे काम हंगामी, त्यामुळे हंगाम संपला की बरेचजण गावी परतत. 1869 मध्ये कॉफीवर तांबेरा दिसला आणि पुढच्या वीसेक वर्षांत मळे बसले. त्यांच्या जागी चहा आला. चहाची कोवळी पाने वर्षभर खुडावी लागतात. साहजिकच मजूर बायकामुलांसह मळ्यावरच्या ‘लाइनी’त कायमचे राहू लागले. पीक बदलले आणि येऊन-जाऊन असणारा मजूर रहिवासी झाला!

कायद्याने मात्र त्यांना रहिवासी मानले नाही. 1947 च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाचे सात प्रतिनिधी निवडून आले होते. देश स्वतंत्र होताच 1948 च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतील बहुतेकांना नागरिकत्व नाकारले, आणि पाठोपाठ 1949 मध्ये मतदानाचा हक्कही गेला. ऑक्टोबर 1964 मध्ये लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांनी करार केला : 9 लाख 75 हजार बिननागरिक माणसांपैकी 5 लाख 25 हजार भारताने घ्यावीत, 3 लाख श्रीलंकेने, उरलेल्या दीड लाखांचे नंतर पाहू. 1974 मध्ये तेही निम्मे-निम्मे वाटून झाले. धान्याची पोती वाटावीत तसा हा हिशेब वाटतो.

आता वर्गात करता येईल असे एक गणित. 1971 मध्ये श्रीलंकी तमिळ 14.24 लाख होते, 1981 मध्ये 18.87 लाख, म्हणजे वाढ सुमारे 32 टक्के. त्याच दहा वर्षांत देशाची लोकसंख्या 17 टक्केच वाढली. एकाच गटात जन्म इतके कसे वाढतील? दुसरा रकाना पाहा : भारतीय तमिळ 11.75 लाखांवरून 8.19 लाखांवर आले. दोन्हींची बेरीज केली तर वाढ जेमतेम 4 टक्के. याचे दोन अर्थ निघतात. पुष्कळ लोक भारतात गेले. आणि राहिलेल्यांपैकी काहींनी स्वतःला ‘श्रीलंकी’ म्हणवून घेतले. माणसे जागेवरच होती, रकाना बदलला.

भारतात आलेल्यांपैकी अनेकांना निलगिरीत, सरकारी चहामळ्यांवरच काम मिळाले. श्रीलंकेत ते ‘भारतीय’ होते. इथे शेजारीपाजारी त्यांना ‘सिलोनवाले’ म्हणू लागले.

तिकडे राहिलेल्यांपैकी जे अजूनही नागरिकत्वाविना होते, त्यांच्यासाठी 2003 मध्ये कायदा झाला. तरी 2012 च्या जनगणनेत ‘भारतीय तमिळ’ हा रकाना होताच. त्यात 8,39,504 माणसे होती. त्यांतले पुष्कळजण स्वतःला वेगळेच नाव सांगतात : ‘मलैयह तमिळ’, म्हणजे डोंगराळ मुलखातले तमिळ.