छपरावरचा ड्रॅगन कुणाचा?

अजिंठ्याच्या १९ व्या लेण्यापाशी राणीसह बसलेला नागराज आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. मस्तकामागे फणांचे छत्र आणि मुद्रेवर विलक्षण शांती. हे नाग बौद्ध ग्रंथांतून चीनला गेले, तेव्हा तेथील भाषांतरकारांनी त्यांच्यासाठी ‘लुंग’ हा आपल्या घरचाच शब्द योजला. आपण ज्याला ड्रॅगन म्हणतो तोच हा लुंग. युरोपीय कथांतला ड्रॅगन आग ओकतो आणि वीराच्या हातून मरतो. चीनचा ड्रॅगन मेघांत व जळांत राहतो आणि पाऊस पाडतो. शेतकऱ्यांच्या देशात असा प्राणी पूज्य ठरावा यात नवल ते काय?

पण लोकांना जे प्रिय, त्यावर राजसत्तेची दृष्टी लवकर जाते. मिंग व चिंग घराण्यांच्या काळात पाच नख्यांचा ड्रॅगन ही सम्राटाची खूण ठरली. पेकिंगचा, म्हणजे आजच्या बेजिंगचा, राजवाडा १४२० साली पुरा झाला. सिंहासनावर, छतावर, पायऱ्यांवर, जिकडे पाहावे तिकडे ड्रॅगन! तेथील एका शिळेवर नऊ ड्रॅगन कोरले आहेत. ती १६ मीटरांहून लांब आणि २०० टनांहून जड आहे. भर हिवाळ्यात ती बर्फावरून ओढीत आणली. छपराच्या आढ्याच्या दोन्ही टोकांना, आढे तोंडात धरलेले ड्रॅगनमुखी प्राणी बसविलेले असतात. लाकडी इमारतीचे ते आगीपासून रक्षण करतात, अशी श्रद्धा. तरीही १४२१ सालीच वीज पडून तीन प्रमुख महाल जळाले.

दक्षिणेकडील फूच्येन प्रांतातले लोक पोटासाठी समुद्र ओलांडून गेले, तेव्हा त्यांनी हा ड्रॅगनही बरोबर नेला. सिंगापुरात १८३९ ते १८४२ या काळात त्यांनी थियान हॉक केंग हे देऊळ बांधले. पूर्वी तेथेच समुद्रकिनारा होता. सुखरूप उतरलेला माणूस दर्यादेवी माझूचे आभार मानी. या देवळाच्या दगडी खांबांना ड्रॅगनांनी वेढे घातले आहेत. अशा देवळांच्या छपरांवरील ड्रॅगनांचे खवले रंगीत चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे जोडून केलेले असतात. सम्राटाची खूण अशी जेवणाच्या वाटीतून घडली!

मात्र राजाचे भय सहजी सुटत नाही. पेनांग येथे खू कुळाचे भव्य कुलगृह १९०१ साली आगीत भस्म झाले. लोक म्हणू लागले, ते सम्राटाच्या महालासारखे झाले होते, म्हणून दैवत कोपले. १९०६ साली ते पुन्हा उभे राहिले, पण अधिक आटोपशीर रूपात. हजारो मैल दूर असलेल्या राजाची मर्यादा या माणसांनी स्वतःच्या आढ्यावर पाळली!

पुढे १९१२ साली चीनची बादशाहीच संपली. पाच नख्यांचा मालक गेला. ड्रॅगन मात्र सिंगापूर-पेनांगच्या छपरांवर राहिला. आम्हांला वाटते, तो आपल्या मूळ कामावर परत आला. लोकांच्या घरादारावर पाऊस आणि आशीर्वाद धरणे, हेच त्याचे जुने काम होते. राजाने ते काही शतके अडवून ठेवले होते, इतकेच.