पत्र्याला पाडलेलं भोक

परवा माळा आवरताना तेलकट फडक्यात गुंडाळलेला मामाचा पंच हाती लागला, आणि २००४ सालचा एक रविवार आठवला.

मामा व्हॉल्व्हचे रेडिओ बनवायचा. त्या काळी रेडिओची सुरुवात कोऱ्या पत्र्यापासून व्हायची. ॲल्युमिनियमचा पत्रा चारी बाजूंनी दुमडून उथळ पेटी करायची, ती चॅसी. मग व्हॉल्व्हच्या सॉकेटांसाठी भोकं. ऑक्टल सॉकेटला एक पूर्णांक एक अष्टमांश इंच, नऊ पिनांच्या छोट्याला पाऊण इंच. पंचही त्याच मापांचे मिळत. आधी ड्रिलने लहान भोक, त्यातून बोल्ट ओवायचा, पत्र्याच्या एका बाजूला पोकळ डाय, दुसऱ्या बाजूला धारदार पंच, आणि पान्याने आवळत जायचं. पंच पत्र्यात शिरला की कट्ट आवाज होतो आणि गोल चकती डायमध्ये पडते. कड साफ, कीस जवळजवळ नाहीच. वीजही लागत नाही (मामाचं ड्रिलसुद्धा हाताने फिरवायचं होतं).

कॉम्प्युटरच्या पेटीला भोकं पाडायची वेळ खूप नंतर आली. १९८१ च्या आयबीएम पीसीचा पॉवर सप्लाय होता ६३.५ वॉटचा, म्हणजे अख्ख्या यंत्राला तेवढं पुरायचं. त्यातल्या एका पंख्यावर सगळं भागत होतं. १९९८ साली ३०० मेगाहर्ट्झचं सेलेरॉन लोकांनी ४५० वर पळवलं आणि वेड पसरलं. २००१ चा १.४ गिगाहर्ट्झचा ॲथलॉन एकटाच ७२ वॉट खायचा, २००४ चे काही पेंटियम ४ तर शंभराच्या वर. पेट्या मात्र आधीच्याच घडणीच्या, गरम हवेला वाट नसलेल्या. मग अमेरिका-युरोपातल्या हौशी लोकांनी पेटीच्या डोक्यावर ८० मिमीच्या पंख्यासाठी भोकं पाडायला घेतली. त्यांचे फोटो पाहून मीही.

पंख्याला साधारण ७६ मिमीचं भोक लागतं. मामाचा पंच तिथे उपयोगाचा नव्हता. होलसॉ चालतो, पण पातळ पत्र्यात तो अडकून झटका देतो; खाली लाकूड धरून अगदी हळू फिरवावा लागतो. निबलर नावाची पिस्तुलासारखी कात्री मला जास्त आवडते. अकरा मिमीच्या भोकातून तिचं तोंड आत घालायचं आणि उंदराने कुरतडावं तसं पुढे जायचं. कड नागमोडी होते, ती कानशीने सारखी करायची. हात दुखतो, पण पत्रा वाकत नाही.

आणि हॅक्सॉचं पातं? करवतीचा जुना नियम असा की पत्र्याच्या जाडीत निदान दोन दाते तरी बसले पाहिजेत. बारीकातल्या बारीक पात्याला इंचाला ३२ दाते असतात, म्हणजे पाऊण मिमीच्या पत्र्यात एकच. दाता पत्र्यावर चढतो, अडकतो, तुटतो. हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा माझ्याकडे होतं ते हॅक्सॉचं अर्धं पातं, एक अर्धगोल कानस आणि भरपूर घाई.

दुपारी मामाचा फोन आला होता. "आतलं सगळं बाहेर काढलंस ना रे?"

"हो मामा," मी म्हटलं. खरं तर मदरबोर्डावर पेपर पसरला होता फक्त.

भोक झालं, जरा अंडाकृती, पण झालं. पंखा बसला. बटण दाबलं, पंखा फिरला, आणि पाचेक सेकंदांत तो वास आला. ज्याने एकदा घेतलाय त्याला सांगायला नको.

संध्याकाळी मामा आला. काही न बोलता त्याने दोऱ्याला बांधलेलं लोहचुंबक बोर्डावरून फिरवलं. वर आलं तेव्हा त्याला लोखंडाच्या किसाची दाढी आली होती. "आमची पेटी भोकं पाडताना रिकामी असायची," एवढंच म्हणाला. पंच आणि डायला चकती आत ठेवून घ्यायची सवय होती. मी निवडलेली हत्यारं पत्र्याचं पीठ करणारी होती, आणि ते कुठे पडणार याचा मी विचारच केला नव्हता.

२००६ पासून प्रोसेसर पुन्हा थोडे थंड झाले. आता तर पेट्या समोरून जाळीच्याच येतात, कुणाला भोक पाडायची गरज क्वचितच. असो. पंचाच्या बोल्टला तेल घातलं, अजून मोकळा फिरतो.

बाबांना मी व्होल्टेज वाढल्याचं कारण सांगितलं होतं. मामा तेव्हा शेजारीच चहा पीत बसला होता.