एका भाषेसाठी बांधलेला संगणक

फळ्यावर गणित सोडवताना चौथ्या ओळीत चूक झाली, तर आपण तेवढी ओळ पुसतो, दुरुस्त करतो आणि तिथूनच पुढे जातो. सगळा फळा पुसून पहिल्यापासून सुरुवात कोणी करत नाही. संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या बहुतेकांना मात्र बराच काळ हेच करावे लागे. चूक सापडली की आज्ञावली दुरुस्त करायची, यंत्राला कळेल अशा रूपात तिचे पुन्हा भाषांतर करून घ्यायचे आणि सारे काम आरंभापासून चालवून पाहायचे. हा व्याप ज्यांवर जवळजवळ नव्हताच, असे काही खास संगणक १९७० आणि १९८० च्या दशकांत अमेरिकेत बांधले गेले. त्यांना लिस्प यंत्रे म्हणत. त्यांनी काय दिले आणि त्यापोटी काय मोजावे लागले, ते आपण पाहू.

लिस्प ही संगणकभाषा जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथे रचायला घेतली. त्या वेळची फोर्ट्रान ही भाषा आकडेमोडीसाठी होती. मॅकार्थी यांना संगणकाकडून चिन्हांवर काम करून घ्यायचे होते. 'क्ष वर्ग अधिक दोन क्ष' या पदावलीत क्षची किंमत न घालता तिचे अवयव पाडणे, हे अशा कामाचे साधे उदाहरण. लिस्पमध्ये ही पदावली एका यादीच्या रूपात साठवली जाते आणि यादीचे घटक एकमेकांच्या स्मृतीतल्या पत्त्यांनी जोडलेले असतात. काम चालू असताना अशा हजारो याद्या तयार होतात आणि निरुपयोगी होऊन पडून राहतात. त्या शोधून जागा मोकळी करण्याचे काम भाषा स्वतःच करते. या सफाईला संगणकशास्त्रज्ञ सरळ 'कचरा गोळा करणे' असेच म्हणतात!

ही सोय फुकट नव्हती. एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत लिस्प चाले ती पीडीपी-१० या संगणकावर. त्यात स्मृतीतला पत्ता १८ बिटांचा असे. दोनचा अठरावा घात काढून पाहा: २,६२,१४४. यापलीकडच्या शब्दाला पत्ताच देता येत नसे. बीजगणित आणि कलन करणारी मॅक्सिमा ही तिथली आज्ञावली या घरात मावेनाशी झाली. शिवाय एकच संगणक अनेक जण वाटून वापरत, त्यामुळे दुपारी गर्दीच्या वेळी प्रत्येकाला उत्तराची वाट पाहत बसावे लागे.

१९७४ च्या सुमारास रिचर्ड ग्रीनब्लॅट, टॉम नाइट आणि त्यांचे सहकारी लिस्पसाठीच संगणक बांधू लागले. माणशी एक संगणक, ही कल्पना तेव्हा उधळपट्टीची वाटावी अशीच होती. त्यांच्या कॅडर या यंत्रात पत्ता २४ बिटांचा झाला, म्हणजे जागा एकदम ६४ पट वाढली. पण खरी युक्ती वेगळीच होती. साध्या संगणकाच्या स्मृतीतल्या शब्दाकडे पाहून तो आकडा आहे, चिन्ह आहे की पत्ता, हे कळत नाही. लिस्पमध्ये मात्र बेरीज करण्याआधी ते तपासावेच लागते, आणि प्रत्येक तपासणीला यंत्राच्या काही जादा पायऱ्या खर्ची पडतात. लिस्प यंत्रात प्रत्येक शब्दाला काही बिटांची चिठ्ठीच लावलेली असे, वाणसामानाच्या डब्यांवर 'तूरडाळ', 'साखर' लिहावे तशी. सिंबॉलिक्स कंपनीच्या ३६०० या यंत्रात बेरजेचे मंडल बेरीज करत असतानाच दुसरे मंडल चिठ्ठी वाचून घेई. चिठ्ठी भलतीच निघाली तर बेरीज टाकून द्यायची, एवढेच.

या यंत्रांवर काम करणाऱ्यांच्या लक्षात राहिले ते मात्र हे मंडल नव्हे. पडदा, खिडक्या, संपादक, अगदी संगणक चालवणारी मूळ प्रणालीसुद्धा एकाच भाषेत लिहिलेली होती आणि उघडून पाहण्याजोगी होती. चूक झाली की काम जागच्या जागी थांबे, कुठे काय बिनसले ते पडद्यावर दिसे. तेवढाच भाग दुरुस्त करून पुढे चालू म्हणायचे. फळ्यावरच्या चौथ्या ओळीसारखेच हे. मोठ्या आणि धूसर प्रश्नावर, ज्याचे उत्तर कसे असेल हेच आधी ठाऊक नसते, काम करणाऱ्याला याचे मोल किती, हे संशोधन करणाऱ्यांना सांगायला नको.

आता किंमत. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अशा एका यंत्राला लाखभर डॉलर पडत. १९८४ मध्ये मॅकिंटॉश २,४९५ डॉलरला बाजारात आला. म्हणजे एका लिस्प यंत्राच्या पैशांत सुमारे ४० मॅकिंटॉश! अर्थात मॅकिंटॉशवर ती कामे झाली नसती, हेही खरे.

दुसरी किंमत डॉलरमध्ये सांगता येत नाही. यंत्र विकायचे कसे, यावरून प्रयोगशाळेतच फूट पडली. ग्रीनब्लॅट यांना बाहेरचे भांडवल नको होते. त्यांनी एलएमआय ही कंपनी काढली. रसेल नॉफ्टस्कर आणि बहुसंख्य सहकारी सिंबॉलिक्समध्ये गेले. आजवर एकमेकांच्या आज्ञावल्या खुशाल वापरणारी माणसे प्रतिस्पर्धी झाली. १९८२ मध्ये सिंबॉलिक्सने आपल्या सुधारणा एलएमआयला मिळू नयेत अशी अट घातली. एमआयटीत उरलेल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी मग तशाच सुधारणा एकहाती लिहून काढण्याचा सपाटा लावला. या भांडणाची हकिगत दोन्ही बाजू वेगवेगळी सांगतात. मात्र सप्टेंबर १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी सर्वांना मुक्तपणे वापरता येईल अशा ग्नू प्रणालीची घोषणा केली, तिच्यामागे हा कडवटपणा होता यात शंका नाही.

पुढचे लवकर घडले. मोटोरोलाच्या १९८४ च्या ६८०२० आणि इंटेलच्या १९८५ च्या ८०३८६ या चिपांत पत्ता ३२ बिटांचा होता. ज्या अडचणीपायी खास यंत्र बांधले, ती अडचणच नाहीशी झाली. अशी चिप तयार करण्याचा खर्च लाखो ग्राहकांत वाटला जाई. लिस्प यंत्रे जगभर मिळून काही हजारच खपली. १९८४ मध्ये लिस्पची बोलीही एक ठरली, कॉमन लिस्प नावाची, आणि ल्यूसिडसारख्या कंपन्या ती साध्या वर्कस्टेशनवर चालवून देऊ लागल्या. १९८७ मध्ये बाजार कोसळला. त्याच वर्षी एलएमआय दिवाळखोरीत गेली, सिंबॉलिक्स १९९३ मध्ये.

स्वस्त चिपांनी महाग यंत्रांना हरवले, एवढेच सहसा सांगितले जाते. आम्हाला ते अर्धेच वाटते. चिठ्ठी तपासणारे मंडल हरले, ते हरणारच होते. पण त्या मंडलाला बांधलेले वातावरणही बहुतांशी त्याच्याबरोबरच गेले, आणि त्याचा दोष चिपांकडे जात नाही. कचरा गोळा करण्याची सोय १९९५ मध्ये जावा भाषेतून लाखो लोकांपर्यंत पोहोचली. संपूर्ण संगणक एकाच भाषेत उघडून पाहण्याची आणि चालू असतानाच बदलण्याची मुभा तशी पोहोचली नाही. सिंबॉलिक्सने उतरत्या काळात आपली प्रणाली विकली ती डेक कंपनीच्या अल्फा या सर्वसाधारण प्रक्रियकासाठी. त्यावर एक आज्ञावली लिस्प यंत्राची हुबेहूब नक्कल करी आणि त्या नकलेवर जुनी प्रणाली चाले.